बेलापूर रोड : नाव हरवलेले एक रेल्वेगाव

१/११
दौंड–मनमाड लोहमार्गावर ‘बेलापूर’ नावाचे स्थानक आहे. तेथे उतरून बाहेर आलात, की समोर दिसते ते श्रीरामपूर शहर. मूळ बेलापूर गाव काही किलोमीटर दक्षिणेला, प्रवरेच्या काठी आहे. स्थानकाचे नाव एक आणि शहराचे दुसरे, असे का झाले? या प्रश्नाचा माग काढत गेल्यास अहिल्यानगर जिल्ह्याचा जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

२/११
मुंबईहून निघालेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या दोन वाटा होत्या. एक थळघाटातून मनमाड–भुसावळकडे जाई, तर दुसरी बोरघाटातून पुणे–दौंडमार्गे सोलापूरकडे. या दोन वाटांना जोडणारा दौंड–मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. तोच दख्खनच्या भीषण दुष्काळाचा (१८७६–७८) काळ होता. रेल्वेने धान्य आणणे सोपे झाले. ते विकत घेण्याची ऐपत मात्र लोकांपाशी उरली नव्हती.

३/११
या भागातील जुनी गावे नदीच्या आश्रयाने वसलेली. रेल्वे मात्र माळरानावरून गेली. गाव स्थानकापासून दूर असेल, तर त्याच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द जोडण्याची रेल्वेची पद्धत होती. म्हणजे येथे उतरा आणि पुढे रस्त्याने जा. स्थानकाभोवती उभ्या राहिलेल्या नव्या वस्तीला ‘बेलापूर रोड’ हे नाव मिळाले ते असे.

४/११
केवळ रेल्वेने शहर घडत नाही. येथे त्याला जोड मिळाली पाण्याची. प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी पाणी आले, तशी ज्वारी-बाजरीच्या जिराईत रानांत उसाची लागवड होऊ लागली.

५/११
पाणी आणि रेल्वे एकत्र आल्यावर भांडवलही आले. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३३ साली महादेव डहाणूकर यांनी महाराष्ट्र शुगर मिल्सची स्थापना केली आणि टिळकनगरची औद्योगिक वसाहत आकारास आली. कारखान्यांच्या उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेण्यात आल्या. ज्यांच्या जमिनी अशा गेल्या, ते पुढे ‘खंडकरी’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

६/११
कामगारांच्या या हरेगावाला स्वतःचे सामाजिक जीवन होते. महार वतनांच्या प्रश्नावर डिसेंबर १९३९ मध्ये येथे परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. येथील मतमाऊलीच्या यात्रेला आजही सप्टेंबरात दूरदूरचे भाविक येतात. साखरेच्या हिशेबात न मावणारा हा इतिहास आहे.

७/११
स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. लोणीजवळ प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर खासगी कारखान्यांकडील जमिनी शासनाकडे आणि पुढे शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांना मात्र आपली जमीन परत मिळवण्यासाठी काही पिढ्या लढा द्यावा लागला. ज्याची मूळ जमीन, तोच या साऱ्या व्यवहारात सर्वांत शेवटी उभा होता.

८/११
दरम्यान ‘बेलापूर रोड’चे श्रीरामपूर झाले, तालुक्याचे ठाणे झाले. स्थानकाने मात्र जुने नाव सोडले नाही. म्हणून ती पाटी म्हणजे वस्तीच्या पहिल्या पर्वाचा सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेला पुरावा होय.

९/११
याच तालुक्यात, प्रवरेच्याच काठी दायमाबाद आहे. १९७४ साली येथे एका स्थानिक रहिवाशाला चार कांस्यशिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. उत्खननात उत्तर-हडप्पा, माळवा, जोर्वे अशा संस्कृतींचे थर एकावर एक आढळले. ताम्रपाषाणयुगीन महाराष्ट्राचा अभ्यास या स्थळावाचून पुढे जाऊ शकत नाही.

१०/११
प्रवरेच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास नेवासे लागते. शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) ज्ञानेश्वरी येथे सांगितली गेली, तो पैस खांब येथे पाहता येतो. लोहमार्गाने उत्तरेस गेल्यास गोदाकाठी पुणतांबे आहे, तेथे चांगदेवांचे समाधिमंदिर आहे. ही स्थळे आपण वारसा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे.

११/११
मात्र दायमाबादचे थर आपण ज्या आस्थेने वाचतो, त्याच आस्थेने बेलापूर रोडचेही वाचायला हवेत. रेल्वे, कालवा, कंपनी, महामंडळ हे येथील थर आहेत. त्यांची साक्ष देणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत. ती कायम असणार नाहीत. आपल्या घरातील कोणी रेल्वेत, हरेगावला वा टिळकनगरला कामाला असेल, कोणी खंडकरी असेल, तर त्यांना बोलते करा, जुनी पगारपत्रके, सातबारे, छायाचित्रे जपा आणि त्यांच्या पाठीवर नावे व साल लिहून ठेवा. दायमाबादच्या रहिवाशांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. बेलापूर रोडच्या लोकांची नावे नोंदवणे अजून आपल्या हाती आहे.