हयातीचा दाखला आणि रेंज : एका नव्या अभ्यासविषयाची प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या सेतू केंद्रात नोव्हेंबर महिन्यात दिवसभर बसून राहिले, तर या विषयाची अर्धी ओळख तिथेच होते. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त हवालदार हयातीचा दाखला काढायला आले आहेत, असे समजा. आधी रायफल आणि मग नांगर धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे मशीन अंगठा घेत नाही. केंद्रात एका कंपनीची रेंज, आजोबांचे सिम दुसऱ्या कंपनीचे. ओटीपी यायचा तर गावाबाहेरच्या टेकाडावर जावे लागते. फोन घेऊन नातू वर पळतो, आकडे ओरडत खाली येतो, तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. दाखला नाही, तर पेन्शन थांबते.

या प्रसंगाला कायद्याच्या भाषेत काय म्हणायचे, हा आपल्या अभ्यासाचा पहिला प्रश्न. गंमत अशी की याला अजून नावच नाही. 1885 चा तार कायदा जाऊन 2023 चा दूरसंचार कायदा आला; त्यातली बरीच कलमे जून-जुलै 2024 पासून अमलात आली. या कायद्यात सेवा घेणारा प्रत्येक जण ‘वापरकर्ता’. चंद्रपूरच्या गांधी चौकातला व्यापारीही वापरकर्ता आणि टेकाडाखाली बसलेले हवालदारही. कलम 28 नको असलेल्या संदेशांपासून संरक्षण देते. कलम 30 तक्रार निवारणाची व्यवस्था सांगते आणि ग्राहक संरक्षण कायद्याचा दरवाजाही उघडा ठेवते. हा दरवाजा फुकट मिळालेला नाही. 2009 च्या एका निकालाने दूरसंचाराच्या ग्राहकाला ग्राहक मंचात जायला मनाई झाली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये उठवली. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

सैनिकासाठी वेगळा कायदा करणे आपल्याला नवे नाही. 1925 चा भारतीय सैनिक (दावे) कायदा पाहा. सैनिक सीमेवर असताना त्याच्या पाठीमागे गावात दिवाणी दावा चालू नये, म्हणून न्यायालयाने थांबावे, अशी त्याची रचना. कर्तव्यामुळे माणूस हजर राहू शकत नसेल, तर त्या गैरहजेरीची किंमत त्याच्याकडून वसूल करू नये, हे त्यामागचे तत्त्व. अमेरिकेत याच तत्त्वावर, दूरच्या तैनातीवर गेलेल्या सैनिकाला मोबाइलचा करार दंडाशिवाय मोडता येतो. पण ही दोन्ही संरक्षणे नोकरीतल्या सैनिकापुरती. वर्दी उतरली की ती संपतात. आपल्याकडे शौर्यपदकविजेते, वीरपत्नी आणि अपंग सैनिक यांना टेलिफोनच्या भाड्यात सवलत आहे, पण ती घरच्या तारेच्या फोनला. तो फोन आता किती घरांत उरला आहे?

मला वाटते, गाठ इथेच आहे. संरक्षण खात्याची निवृत्तिवेतनाची ‘स्पर्श’ प्रणाली असो, बँक असो की डिजिटल हयातीच्या दाखल्याची ‘जीवन प्रमाण’ सेवा, सगळ्यांचा ओटीपी येतो तो मोबाइल नंबरावर. नंबर हे माजी सैनिकाचे ओळखपत्र झाले, कायद्याला मात्र तो अजून रिचार्जचा माल वाटतो. 90 दिवस वापर नसेल तर नंबर बंद करता येतो. खात्यात 20 रुपये असले तर आणखी 30 दिवस मिळतात. नंतर तोच नंबर ठरावीक काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि हवालदारांचा ओटीपी अनोळखी खिशात वाजू लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यात टॉवरही बंद पडला, तर ते दिवसही ‘वापर नाही’ यातच मोजायचे? दोष टॉवरचा आणि शिक्षा सिमला, हा हिशेब मला मान्य नाही. ज्या नंबरावर पेन्शन जोडली आहे तो नंबर लेखी सूचना आणि खातरजमा झाल्याशिवाय बंद होऊ नये, एवढे एक कलम जरी कायद्यात आले, तरी पुष्कळ झाले.

टॉवर उभे राहात नाहीत असे नाही. नक्षलग्रस्त भागांतले 2,343 टॉवर 4जी करायला एप्रिल 2022 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. जुना सार्वत्रिक सेवा निधी आता ‘डिजिटल भारत निधी’ झाला आहे. फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे रिचार्ज द्यायला दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना भाग पाडले. कीपॅडवाल्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट. पण निधी टॉवर उभारायला आहे. तो बंद पडला तर त्याखालच्या माणसाने काय मागायचे, याचे उत्तर त्यात नाही.

आणखी एक अडचण शब्दाची. गडचिरोलीत केंद्रीय राखीव पोलीस दलातून किंवा जिल्हा पोलिसांच्या सी-60 कमांडो पथकातून निवृत्त झालेल्यालाही गाव ‘फौजी’ म्हणते. नियमांतली ‘माजी सैनिक’ ही व्याख्या मात्र भूदल, नौदल, वायुदल यांच्यापुरती. ज्या जंगलात गोळ्या झेलल्या त्याच जंगलात राहणारा हा निवृत्त जवान प्रस्तावित संरक्षणाच्या आत की बाहेर? माझे मत आत, पण यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो, आणि पुढच्या पानांत तो व्हावा.

कायद्याचे विद्यार्थी, सैनिक कल्याण कार्यालयातले कर्मचारी, सेतू केंद्र चालवणारी पोरे, सगळ्यांचे या विषयात स्वागत आहे. कलमे घरी वाचता येतील, पण एक नोव्हेंबर इकडे काढा. येताना दोन कंपन्यांची सिम तेवढी घेऊन या.