'हक्क' शब्दाचा प्रवास : वतनापासून विद्यार्थी-मंडळापर्यंत

घोडबंदरचा कोट 1737 मध्ये मराठ्यांकडे आला. त्या काळच्या कागदपत्रांत 'हक्क' म्हणजे मुख्यतः वतनदारास गावाकडून मिळावयाची ठरीव प्राप्ती. त्या अर्थात शाळकरी मुलास स्थान नव्हते; ते त्याला कसे मिळाले, हा प्रश्न विचारणीय आहे.

1848 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांची सभा निघाली. पुढील वर्षी तिने मुलींच्या शाळा काढल्या. कार्य मोठेच, परंतु तेथे शिक्षण दिले जात होते, मागितले जात नव्हते. मागणीचा स्वर ऐकू येतो तो 1855 मध्ये, तोही कोणत्याही मंडळावाचून. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने 'ज्ञानोदया'तील निबंधात, वेद आमचे नव्हेत तर आमचा धर्म कोणता, असे विचारले.

1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात 'सक्ती' होती, ती पालकांवर. 'बालकांचा हक्क' हे शब्द कायद्याच्या नावातच आले ते 2009 मध्ये. त्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करते. 32 व्या कलमान्वये 'कोणतीही व्यक्ती' स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. निर्णयास मुदत तीन महिन्यांची. या 'व्यक्ती'त मूल येते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते येते. मुलांना संघटित होण्याचा अधिकार देणारी 1989 ची आंतरराष्ट्रीय संहिता भारताने 1992 मध्ये स्वीकारलीच आहे. एकट्या मुलाचा अर्ज सहज बाजूस पडतो. मंडळाचा तितका सहज पडत नाही. अर्जलेखन तर शाळेत शिकवितातच, बहुधा रजेचे!