पेटीतील चौथी मोटार

इतिहास म्हटला की तख्ते, तह आणि तारखा यांकडे आपले लक्ष जाते. खेळण्यांनाही इतिहास असतो हे आपण सहसा मानत नाही. आणि असलाच तर तो भरसभेत सांगण्याजोगा असतो, हे तर मुळीच मानत नाही. आम्हांस ही समजूत बरोबर वाटत नाही. एखादा समाज आपल्या मुलांच्या हाती काय देतो, आणि ते हाती पडल्यावर मुले त्याचे काय करतात, यावरून त्या समाजाच्या कारखान्यांविषयी आणि स्वभावाविषयी पुष्कळ कळते. आज ज्या वस्तूचा इतिहास आम्ही सांगणार आहोत ती जेमतेम वीतभर लांबीची आहे. प्लास्टिकच्या सुट्या भागांतून घरी जुळवावयाची मोटारीची प्रतिकृती, ती ही वस्तू. तिच्या ऐन भराचा देश अमेरिका, आणि भराचा काळ १९५८ पासूनची दहा-बारा वर्षे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. पुठ्ठ्याची पेटी उघडली की आत प्लास्टिकच्या चौकटी दिसतात. पॉलिस्टायरीन नावाचे प्लास्टिक वितळवून ते मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. ज्या वाटांनी ते आत शिरते त्या वाटाही थंड होऊन घट्ट होतात, आणि फांदीला चिंचा लटकाव्यात तसे मोटारीचे भाग त्या चौकटीला लटकलेले राहतात. ते चाकूने सोडवावयाचे, टोके काचकागदाने घासावयाची आणि मग जोडावयाचे. जोडण्यासाठी जे सिमेंट मिळते त्याची रीत डिंकापेक्षा निराळी आहे. ते प्लास्टिकच्या कडा विरघळवते, त्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रावक उडून गेला की दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. म्हणूनच त्याचा थेंब भलत्या जागी पडला तर तो पुसता येत नाही. आम्ही पहिली मोटार जोडावयास घेतली तेव्हा समोरच्या काचेवर आमच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. ती गाडी अजून आमच्या कपाटात आहे. तिच्या चालकाला पुढचे काही दिसत असेल असे वाटत नाही.

या मोटारींचे माप बहुधा एकास पंचवीस असे असते. खरी गाडी सव्वापाच मीटर लांब असेल, तर प्रतिकृती एकवीस सेंटिमीटर भरते.

प्लास्टिकचे संच येण्यापूर्वी मोटारीची उत्तम प्रतिकृती करणे हे फार थोड्यांचे काम होते. १९३० साली जनरल मोटर्स कंपनीच्या फिशर बॉडी या विभागाने मुलांसाठी ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही संस्था काढली. नेपोलियनच्या काळातील शाही घोडागाडी हे फिशरचे बोधचिन्ह होते. प्रारंभी तीच घोडागाडी नकाशावरून हुबेहूब करून पाठवा, अशी स्पर्धा असे. लाकूड कोरायचे, धातूला आकार द्यायचा, आतल्या गाद्यांचे कापडही आपणच बसवायचे. विजेत्यांना पाच हजार डॉलरपर्यंतच्या शिष्यवृत्त्या मिळत. १९३७ पासून तीत दुसरा विभाग आला: स्वतः कल्पिलेल्या मोटारीची प्रतिकृती, एकास बारा या मापाची. १९४७ साली चार्ल्स जॉर्डन या तरुणाने तीत पहिले पारितोषिक मिळविले. तो पुढे त्याच कंपनीत शिरला आणि १९८६ साली तिच्या सबंध आरेखन-विभागाचा प्रमुख झाला. संस्था १९६८ पर्यंत चालली आणि तिने अनेक आरेखक घडविले यात संशय नाही. परंतु तिचे दार अरुंद होते. ज्याच्या घरी हत्यारे, जागा आणि महिनोन्‌महिने धीर धरणारी माणसे, त्याचाच तेथे निभाव लागे. शिवाय नियमाप्रमाणे ती केवळ मुलग्यांसाठी होती. मुलींना तिच्यात प्रवेशच नव्हता.

दार रुंद केले ते साच्याने. इंग्लंडात १९३६ साली ‘फ्रॉग’ या नावाखाली प्लास्टिकच्या विमानांचे संच निघाले. ती विमाने उडत नसत, म्हणून त्या मालेला ‘पेंग्विन’ असे नाव दिले होते. युद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, एअरफिक्स या इंग्रज कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली. ती त्या ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना जाहिरातीसाठी हवी होती. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून तीच प्रतिकृती सुट्या भागांच्या रूपाने बाजारात आली. म्हणजे ज्या श्रमाला आपण छंद म्हणतो, तो येथे कारखान्याने आपल्या अंगावरून झटकून गिऱ्हाईकाच्या अंगावर टाकलेला श्रम होता, आणि गिऱ्हाईकाने तो पैसे देऊन आनंदाने पत्करला! अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रेव्हेल कंपनीने १९५१ च्या सुमारास ‘हायवे पायोनियर्स’ ही जुन्यापुराण्या मोटारींची माला काढली आणि ती घरोघर गेली.

तथापि आमच्या कथेचा मुख्य धागा मोटारींचे माहेरघर जे डेट्रॉइट, त्याच्या परिसरातला आहे. १९४८ साली तेथे ‘ॲल्युमिनम मॉडेल टॉइज’ ही कंपनी निघाली. आद्याक्षरांवरून तिला एएमटी म्हणू लागले. तिची पहिली फोर्ड ॲल्युमिनमची होती. लवकरच ती प्लास्टिककडे वळली. ही खेळणी मुळात दुकानांसाठी नव्हतीच. नवी मोटार बाजारात आली की विक्रेत्याच्या टेबलावर तिची लहान प्रतिकृती ठेवीत. कारखान्याचेच रंग, कारखान्याचीच आकृती. बाप मोठी गाडी पाही आणि मुलाच्या हाती छोटी पडे. अमेरिकन कंपन्या त्या काळी दरवर्षी गाडीचे रूप बदलीत, त्यामुळे प्रतिकृतीही दरवर्षी नवी लागे. सारांश, हे जाहिरातीचे साधन होते.

१९५८ साली एएमटीने त्याच साच्यांतून सुटे संच काढले आणि पेटीवर छापले: ‘तीन एकात’. पेटीत गाडीची बॉडी एकसंध येई. पण तिच्याबरोबर तीन प्रकारचे भाग असत. एका प्रकाराने कारखान्यातून निघते तशी गाडी करावी, दुसऱ्याने हौशी माणसाने नटविलेली, तिसऱ्याने शर्यतीची. प्रारंभीच्या त्या संचांत इंजिनही नव्हते आणि बॉनेट उघडत नव्हते. ते सारे पुढच्या काही वर्षांत आले. युक्ती व्यापाऱ्याची होती: तेच साचे, तीच गाडी, आणि तीन गाड्यांचे आकर्षण.

पण व्यापाऱ्याच्या हिशेबाबाहेरची एक गोष्ट यातून घडली. पेटीत भाग तीन गाड्यांचे असले तरी बॉडी एकच होती. कोणतीही एक गाडी केली की इतर दोहोंचे भाग उरत. चाकांच्या टोप्या, बंपर, धुराच्या नळ्या, चमकदार जाळ्या हे सर्व शिल्लक राही, आणि असा जिन्नस मूल कधी टाकून देत नाही. ते एका डब्यात पडे. दुसरी पेटी आली की डबा वाढे, आणि पाच-सहा पेट्यांनंतर त्या डब्यातून अशी एक मोटार करता येई की जी कोणत्याही कारखान्याने कल्पिली नव्हती, कोणत्याही सूचनापत्रकात छापली नव्हती. तीन गाड्या कंपनीने दिल्या. ही चौथी मुलाने केली. आमच्या मते या छंदाचा खरा इतिहास तेथून सुरू होतो.

ही चौथी गाडी करण्याची विद्या मात्र मुलांनी शून्यातून काढली नाही. ती खऱ्या रस्त्यावर अगोदरच होती. कॅलिफोर्नियात युद्धापूर्वीपासून तरुण पोरे जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या घेऊन, त्यांचे अनावश्यक भाग उतरवून आणि इंजिनांचा जोर वाढवून, कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत पळवीत असत. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणतात. युद्धावरून परतलेल्यांच्या हाती यंत्रविद्या होती, त्यामुळे हा नाद बळावला. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकच निघाले. दुसरा एक पंथ वेगापेक्षा रूपावर भर देणारा होता. छताचे खांब कापून छत खाली आणणे, याला ते ‘चॉपिंग’ म्हणत. बॉडी चासीवरून खाली सरकवून गाडी बुटकी करणे, ते ‘चॅनेलिंग’. ज्याला गाडी चालविण्याचा परवानाही मिळालेला नाही असा बारा वर्षांचा मुलगा हेच प्रयोग बारीक करवतीने आणि चाकूने वीतभर गाडीवर करू लागला. कापलेल्या जागी लांबी भरायची, ती वाळली की पाणी लावून घासायची, अस्तराचा हात द्यायचा, अस्तराखालून चीर दिसली की पुन्हा लांबी आणि पुन्हा काचकागद. गॅरेजातला कारागीर खऱ्या गाडीवर जे करतो तेच, तशाच क्रमाने, आणि घाई केली तर फजितीही तीच.

कंपन्यांनी हा प्रवाह लगेच ओळखला. १९५९ मध्ये एएमटीने १९३२ च्या फोर्ड रोडस्टरचा संच काढला. हॉट रॉडवाल्यांची ती आवडती गाडी. लॉस एंजलिसचा प्रसिद्ध कारागीर जॉर्ज बॅरिस याची ‘आला कार्ट’ ही गाडी ओकलंडच्या प्रदर्शनात १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वश्रेष्ठ ठरली होती. तिचाही संच निघाला. रेव्हेलने एड रॉथ या विक्षिप्त कलावंताला हाताशी धरले आणि त्याच्या ‘आउटलॉ’, ‘बीटनिक बँडिट’ अशा गाड्या १९६२-६३ मध्ये पेटीबंद केल्या. बीटनिक बँडिटला छताच्या जागी प्लास्टिकचा पारदर्शक बुडबुडा होता! अशा रीतीने कारखान्याविरुद्ध केलेली खोडीदेखील कारखान्यातच तयार होऊ लागली. येथे कोणी म्हणेल, मग मुलाचे स्वातंत्र्य ते काय राहिले? आक्षेप खरा आहे. नटविण्याचे भागही साच्यातूनच आलेले. बंडखोरीही पेटीत मोजून दिलेली. परंतु पेटी आणि डबा यांत आम्ही फरक करतो. पेटीत काय भरायचे ते कंपनी ठरवी. डब्यातून काय निघावे हे कंपनीला ठरविता आले नाही.

या छंदाला काळी बाजूही होती. नळीतील सिमेंटात टोल्युइन नावाचा द्रावक असे. १९५९ नंतर अमेरिकेत मुले त्याची वाफ नशेसाठी हुंगतात असा बोभाटा झाला. हुंगणे खरोखरच घातक होते. अखेर १९६९ साली टेस्टर या कंपनीने आपल्या सिमेंटात मोहरीचे उग्र अर्क-तेल घातले, म्हणजे नाकाजवळ नेताच झणका बसावा. गावोगावच्या मुलांच्या टेबलांवर नाक पोळणारी ती नळी पुढे कित्येक वर्षे राहिली.

त्याहून मोठी हानी निःशब्द झाली. पोलादी साचा फार महाग असतो. त्यामुळे पुढच्या वर्षी गाडीचे रूप बदलले की नवा साचा न करता जुनाच साचा कापून, भरून सुधारीत. १९६२ च्या गाडीचा साचा १९६३ च्या गाडीच्या पोटात गेला. काही साचे शर्यतीच्या गाड्यांसाठी रुंद कापले गेले. ज्या साच्यांतून हजारो गाड्या निघाल्या त्यांतली पहिली गाडी पुन्हा काढणे अशक्य झाले. आपल्याकडे जुनी पत्रे वाण्याच्या पुड्यांना गेली, तशीच ही गोष्ट. नाश करणाऱ्याच्या मनात नाशाचा हेतू नव्हता. १९६५ च्या सुमारास विजेवर धावणाऱ्या छोट्या शर्यती-गाड्यांचे वेड आले आणि मुले तिकडे वळली. कंपन्यांची नावे विकली गेली, हातोहात फिरली. एएमटीच्या नावाने आजही संच निघतात, जे साचे वाचले त्यांतून.

आणि येथे त्या डब्यातील विद्या कामी आली. ती बारा वर्षांची मुले मोठी झाली. जी गाडी साच्यातून येत नाही ती त्यांनी स्वतः ओतावयास घेतली. जपून राहिलेल्या एखाद्या जुन्या प्रतिकृतीवर सिलिकोन रबर ओतून साचा करायचा, त्यात रेझिन भरायचे, आणि हरवलेल्या वर्षाची बॉडी पुन्हा उभी करायची. खालची चासी दुसऱ्याच संचातून घ्यायची. अलीकडे संगणकावर भाग रेखून ते घरच्या यंत्रावर छापणारेही झाले आहेत. कारखान्याने आपल्या हाताने पुसलेला इतिहास घरगुती टेबलावर अशा रीतीने जोडला जात आहे. तो जोडणाऱ्यांत आता स्त्रियाही आहेत. डब्याने कधीच कोणाला प्रवेश नाकारला नव्हता.

दिवाळीत अंगणात किल्ला करणारे आपले मूल सिंहगड करावयास बसते आणि शेवटी त्याला एक बुरूज जास्त करते. मोठे लोक हसतात. त्या जास्तीच्या बुरुजाची किंमत आम्हांस या अमेरिकन पेटीचा इतिहास वाचताना कळली. वस्तू करणाऱ्याने ती पुरी करून दिली म्हणजे ती पुरी झाली, असे मानणारा माणूस ती मोडली की नवी आणतो. ती अजून आपल्या हातून पुरी व्हावयाची आहे असे मानणारा माणूस तीच दुरुस्त करतो, आणि प्रसंगी हरवलेली परत आणतो. आमच्या कपाटातील ठसा उमटलेल्या मोटारीशेजारी एक पत्र्याचा डबा आहे. तीत दोन बंपर, एक जास्तीचे स्टिअरिंग आणि पाच चाके आहेत. चार चाकांची सोय झाली. पाचव्याचे काय करायचे, ते अजून ठरायचे आहे.