चर्चच्या फरशीवरचा कवडसा

कौलारू घरात राहिलेल्या प्रत्येकाला कवडसा ठाऊक असतो. कौलांमधली बारीक फट वेडीवाकडी असली तरी जमिनीवर पडणारा उजेडाचा ठिपका गोल असतो आणि दिवस चढेल तसा तो सरकत जातो. हा गोल म्हणजे खुद्द सूर्याची प्रतिमा होय. इटलीतील बोलोन्या शहरात असाच एक कवडसा साडेतीनशेहून अधिक वर्षे एका भव्य चर्चच्या फरशीवर पडत आला आहे. पिसाचा झुकता मनोरा पाहायला जाणारे बहुतेक प्रवासी त्याच्या वाटेला जात नाहीत. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र त्याची ओळख करून घ्यावी अशीच ती गोष्ट आहे.

या चर्चचे नाव सान पेत्रोनियो. त्याच्या छतात, जमिनीपासून सुमारे २७ मीटर उंचीवर, २७ मिलिमीटर व्यासाचे एक भोक आहे. खाली फरशीत ६६.८ मीटर लांबीची दक्षिणोत्तर रेषा धातूच्या पट्टीने आखलेली आहे. सूर्य माथ्याशी आला की कवडसा ही रेषा ओलांडतो. २१ जूनच्या सुमारास तो भोकाच्या थेट खालच्या बिंदूपासून सुमारे १० मीटरवर पडतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास रेषेच्या पार दुसऱ्या टोकाला. वर्षातला प्रत्येक दिवस असा फरशीवर मोजता येतो.

पण चर्चला हा उद्योग कशासाठी हवा होता? कारण होते ईस्टरचा सण. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून या सणाचा रविवार ठरतो. जुन्या ज्युलियन पंचांगात वर्ष ३६५.२५ दिवसांचे धरले होते. खरे सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ही चूक साठत जाऊन सोळाव्या शतकात वसंतसंपात २१ मार्चऐवजी ११ मार्चला होऊ लागला. अखेर १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर हा दिवस धरला. संपाताचा क्षण अचूक पकडायचा तर मोठे उपकरण हवे. उंच, अंधारी आणि शतकानुशतके न हलणारी वास्तू म्हणजे चर्चच.

इग्नात्सियो दान्ती या धर्मगुरूने सान पेत्रोनियोमध्ये अशी एक रेषा १५७५-७६ च्या सुमारास आखली होती. पुढे चर्चचा विस्तार करताना ती निरुपयोगी झाली. तेव्हा बोलोन्या विद्यापीठातील खगोलशास्त्राचे प्राध्यापक जिओव्हानी कॅसिनी यांनी नवी, अधिक मोठी रेषा आखण्याचे ठरवले. चर्च काही दक्षिणोत्तर बांधलेले नव्हते, त्यामुळे खांबांच्या रांगेतून नेमकी वाट काढावी लागली. १६५५ साली हे काम पूर्ण झाले, तेव्हा कॅसिनी जेमतेम तीस वर्षांचे होते.

आता काळ लक्षात घेऊ. कोपर्निकसच्या ग्रंथावर १६१६ साली बंदी आली होती. १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली होती. बोलोन्या तर पोपच्याच राज्यात होते. अशा ठिकाणी कॅसिनींनी या कवडशाला पंचांगापलीकडचा एक प्रश्न विचारला.

वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, परतीला मात्र सुमारे १७९. म्हणजे हिवाळ्यात सूर्य अधिक वेगाने सरकताना दिसतो. टॉलेमीच्या मते वेग एकसारखाच असतो. सूर्य हिवाळ्यात जवळ असतो म्हणून तो अधिक वाटतो, इतकेच. केपलरचे म्हणणे वेगळे होते. अर्धा फरक अंतरामुळे पडतो आणि उरलेला अर्धा वेग खरोखरच बदलल्यामुळे. दोघांपैकी बरोबर कोण? हे सूर्यबिंबाच्या आकारावरून ठरवता येते. टॉलेमीप्रमाणे वर्षभरात बिंबाचा कोनीय व्यास सुमारे २ कलांनी बदलायला हवा, केपलरप्रमाणे सुमारे १ कलेने. या चर्चमध्ये एक कला म्हणजे उन्हाळ्यात फरशीवर जेमतेम ८ मिलिमीटर आणि हिवाळ्यात प्रतिमेच्या रुंदीत सुमारे २१ मिलिमीटर. कॅसिनींनी कवडसे मोजले. उत्तर केपलरच्या बाजूने आले.

मग पृथ्वी फिरते हे चर्चच्याच फरशीवर सिद्ध झाले का? तसे नाही, आणि हा मुद्दा वर्गात जरूर सांगावा. सूर्य पृथ्वीभोवती फिरो वा पृथ्वी सूर्याभोवती, दोघांमधले अंतर तेच राहते आणि कवडसाही तेवढाच पडतो. मोजमापाने एवढेच ठरले की गती एकसारखी नाही. केपलरच्या मांडणीचा एक महत्त्वाचा भाग खरा ठरला, पण ग्रंथावरची बंदी जागच्या जागी राहिली. हे निरीक्षण पोपच्या राज्यात उघडपणे करता आले, याचे एक कारण त्याची ही मर्यादाही असावी. एखाद्या प्रयोगाने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

अशा रेषा इटलीत आणखीही आहेत. रोमच्या सांता मारिया देली आंजेली चर्चमध्ये १७०२ सालची, तर मिलानच्या कॅथीड्रलमध्ये १७८६ सालची. पण प्रयोगासाठी इटलीला जायला नको. वर्गाची खिडकी पुठ्ठ्याने झाकून त्याला एक लहानसे भोक पाडावे आणि तीन मीटरवर सूर्यकिरणांना काटकोनात कागद धरावा. सूर्याची सुमारे २.८ सेंटिमीटरची प्रतिमा मिळेल. (भोकातून सूर्याकडे थेट पाहू नये.) जानेवारी आणि जुलैमधल्या प्रतिमांतील फरक मात्र एक मिलिमीटरहूनही कमी येतो, तो पट्टीने मोजता येत नाही. तो मोजायला २७ मीटर उंचीचे छत का लागले, हे गणित विद्यार्थ्यांनाच करू द्यावे.