कॉन्ट्रा, तीस लाइफ आणि आजोळची मराठी

मंडळी, आजोळ म्हटलं की विहीर, गच्चीवरची अंथरुणं, कैरीचं पन्हं, दुपारचे पत्त्यांचे डाव. हे सगळं आपण इथे पुष्कळ वाचलंय. आज लिहितोय ते अशा एका वस्तूबद्दल, जिला आमच्या आजोबांनी कधी नावानं हाक मारली नाही. ते तिला "तो डबा" म्हणायचे. व्हिडिओ गेम. आणि त्यातला एकच खेळ, कॉन्ट्रा.

निमित्त असं. १२ मार्च २०२४ ला कोनामी या जपानी कंपनीनं या खेळाचा नवा अवतार काढला, 'कॉन्ट्रा : ऑपरेशन गलुगा'. तो बनवला अमेरिकेतल्या वेफॉरवर्ड नावाच्या स्टुडिओनं. दिवाळीत मी तो घरी आणला आणि शेवटपर्यंत खेळलो. खेळताना जे ध्यानात आलं ते खेळापेक्षा आमच्या घरातल्या भाषेबद्दल जास्त होतं. म्हणून हा प्रपंच.

आधी खेळाचा इतिहास, कारण आम्हाला त्यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

कॉन्ट्रा पहिल्यांदा आला १९८७ मध्ये, नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर. १९८८ च्या फेब्रुवारीत तो घरच्या टीव्हीवर आला. जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आणि अमेरिकेत त्याच यंत्राच्या तिकडच्या रूपावर. बिल आणि लान्स असे दोन सैनिक, अंगावर शर्ट नाही, हातात बंदूक. डावीकडून उजवीकडे पळायचं आणि गोळ्या चुकवायच्या. गंमत अशी की गोष्ट देशागणिक वेगळी. जपानी आवृत्तीत साल २६३३, जागा न्यूझीलंडजवळची गलुगा नावाची बेटं. अमेरिकेत विकताना तीच लढाई त्या वेळच्या दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नेऊन ठेवली. युरोपात तर नाव बदलून 'प्रोबोटेक्टर' केलं आणि माणसांच्या जागी यंत्रमानव आणले, कारण जर्मनीत मुलांसाठीच्या खेळातल्या हिंसेबद्दल नियम कडक होते.

आमच्याकडे चौथी आवृत्ती होती. तिच्यात गोष्टच नव्हती.

याचं कारण खेळ आला त्या वाटेत आहे. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये निघाला. त्याच्या नकला तैवानमध्ये आणि इतरत्र भराभर बनायला लागल्या. आपल्याकडे १९९१ पर्यंत परदेशी मालावर बंधनं होती. मग बाजार उघडले आणि हे नकली संच शहराशहरांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत दिसायला लागले. इंदूरला जेल रोड, बडोद्याला मंगळ बाजार, हैदराबादला आबिड्स, ज्यानं त्यानं आपापलं ठिकाण आठवावं. खोक्यात एक संच, दोन रिमोट, एक अडॅप्टर आणि वरून खोचायची कॅसेट. कंपनी तिला कार्ट्रिज म्हणायची, पण आपण कॅसेटच म्हणत आलो. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९ इन १'. आत खरे खेळ मोजकेच, बाकी सगळे तेच तेच. कुठे तिसऱ्या टप्प्यापासून सुरू, कुठे तीस लाइफ देऊन सुरू. माहितीपुस्तिका नाही, नायकांची नावं नाहीत. बिल आणि लान्स आमच्यासाठी 'निळा' आणि 'लाल' होते.

हा सगळा नकली माल, त्यामुळे त्याची नोंद मूळ कंपनीच्या हिशेबात असायचं कारण नाही. आपण या खेळावर उन्हाळेच्या उन्हाळे घालवले, पण विक्रीच्या आकड्यांत आपण नाही. आपला कॉन्ट्रा कुठे लिहिलेला असेल तर तो आपल्याच आठवणीत.

आता घराबद्दल. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आजोळ इंदूरचं, राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. होळकरांच्या दरबारात कारकुनी करायला आलेलं घराणं, तिथेच रुजलं. आईच्या दोन बहिणी. एक हैदराबादला दिलेली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा तिच्या सासरचे औरंगाबादहून नोकरीसाठी तिकडे गेले आणि राहिले. दुसरी बेळगावला. तिच्या सासरच्यांनी गाव सोडलं नाही, १९५६ मध्ये राज्याची हद्द त्यांच्यावरून गेली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मे महिन्यात या चारही घरांतली मुलं इंदूरला जमायची. आम्ही आठ जण.

आठ जणांच्या चार भाषा. मी शाळेत गुजराती, मामाची मुलं हिंदी. हैदराबादचा मावसभाऊ इंग्रजी शाळेतला, पण गल्लीत दखनी बोलणारा. फक्त बेळगावची ताई मराठी शाळेत शिकलेली, आणि तिचीही मराठी आम्हाला वेगळीच वाटायची. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोलायचोच नाही. मोठ्यांसमोर "नमस्कार करा", "मराठीत सांग" असं झालं की जास्तच गप्प. आजोबा संध्याकाळी शुद्धलेखन घालायचे. त्यातून अक्षर सुधारलं, बोलणं नाही.

बोलणं सुरू झालं ते डब्यापुढे. आणि ते का, हे समजायला खेळाची रचना बघायला हवी.

कॉन्ट्रात एक गोळी लागली की मेलात. सुरुवातीला लाइफ तीन. मेलं की हातातली चांगली बंदूकही जाते. दोघं एकत्र खेळत असतील तर पडदा एकच. तिसऱ्या टप्प्यात धबधब्यावर उड्या मारत वर चढायचं असतं. तिथे पुढचा घाईनं वर गेला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेवरून पडून मरतो. शत्रू नाही, गोळी नाही, नुसत्या भावाच्या घाईनं. शिवाय एकाची सगळी लाइफ संपली तर तो दुसऱ्याच्या साठ्यातून एक घेऊ शकतो. म्हणजे हा खेळ गप्प बसून दोघांना खेळताच येत नाही. दर दोन सेकंदांनी काहीतरी सांगावं लागतं, विचारावं लागतं, मागावं लागतं.

आणि ते आम्ही कुठल्या भाषेत मागणार? माझं गुजराती हैदराबादच्याला कळेना, त्याचं दखनी बेळगावच्या ताईला कळेना. समान होती ती फक्त घरची मराठी. मग ती जशी येत होती तशी बाहेर पडली. इंदूरचा मामेभाऊ ओरडायचा, "मी येऊन राहिलो ना भिया, थांब!" मी म्हणायचो, "एक लाइफ दे ने." हैदराबादचा, "नक्को रे, वर नक्को जाऊ!" आणि ताई, सगळ्यांत शांत, "काय करालास? बस की खाली." आठवड्याभरात आठही जण एकमेकांचे शब्द वापरायला लागले. मी बडोद्याला परतलो की आई हसायची, कारण मी 'करालास' म्हणत असायचो.

बंदुकांची नावंही अशीच पडली. हवेतून उडत येणारे डबे फोडले की त्यांतून इंग्रजी अक्षरं बाहेर पडायची. एस म्हणजे एकदम पाच गोळ्या पसरवणारी, ती आमच्याकडे 'पंखा'. एल म्हणजे लेझर, ती 'काठी'. एफ गोल गोल फिरत जायची, ती 'जिलबी'. दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात खेळाडू पाठमोरा दिसतो, समोर भिंती फोडत आत जायचं असतं. त्याला 'बोळ' म्हणायचो, आजोळच्या मागच्या बोळावरून.

तीस लाइफची युक्तीही तोंडी परंपरेनंच आली. सुरुवातीच्या पडद्यावर वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए आणि मग स्टार्ट. दोघं असतील तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. आजी ज्या चालीत परवचा म्हणून घ्यायची त्या चालीत आम्ही ही पाठ केली होती. या युक्तीमागचा माणूस मला फार उशिरा कळला. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या कोनामीतल्या प्रोग्रामरनं ती १९८६ च्या 'ग्रेडियस' या खेळासाठी केली होती, कारण तपासणीसाठी खेळताना तो खेळ त्याला स्वतःलाच अवघड जात होता. ती तशीच आत राहिली आणि पुढे कॉन्ट्रामुळे जगभर गेली. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले.

त्या दिवसांचे अडथळेही सांगायला हवेत. खेळ अर्ध्यात साठवून ठेवायची सोय नव्हती. लाइट गेली की सातव्या टप्प्यावरून थेट पहिल्यावर. "पिक्चर ट्यूब जाते" म्हणून मामांनी दिवसाला दोन तास ठरवून दिलेले. अडॅप्टर तापला की त्याला ओट्यावर थंड व्हायला ठेवायचं. रिमोट दोन आणि मुलं आठ. म्हणजे सहा जण कायम मागे बसून सल्ला द्यायला, आणि तोही अर्थात मराठीत.

आता नवा अवतार. चित्रं सुंदर आहेत, जंगल खोल दिसतं, पहिला टप्पा ओळखीचा वाटतो. गोष्ट परत जागेवर आणलीये, ती गलुगा बेटं नावातच आहेत. बिल आणि लान्सला संवाद दिलेत. हवेत दुसरी उडी मारता येते, झटकन बाजूला सरकता येतं, दोन बंदुका जवळ ठेवता येतात. खेळायला युरोपातला तो प्रोबोटेक्टरही मिळतो, म्हणजे जर्मनीसाठी केलेली तडजोड आता मानानं घरात आलीये. खेळून मिळवलेल्या गुणांतून जास्तीच्या सवलती विकत घ्यायच्या. आणि मुख्य बदल म्हणजे एका गोळीनं मरायला हवं असं नाही, आयुष्याची पट्टी असते, ती हळूहळू कमी होते. हवं असेल तर जुना एका गोळीचा नियम निवडता येतो.

हैदराबादचा मावसभाऊ दिवाळीनंतर दोन दिवस बडोद्याला आला होता, मुलांना घेऊन. त्याची दोन आणि माझी दोन. ही मुलं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, मधे हिंदी. खरं सांगायचं तर आम्ही दोघंही आता लग्नकार्यात भेटलो की हिंदी-इंग्रजीतच बोलतो. आजोळचं घर विकलं, तिथे फ्लॅट झाले, मे महिन्यात जमायला जागाच उरली नाही.

मुलं आधी पट्टीवाल्या नियमानं खेळली. दोघं शेजारी बसून, पण आपापलं. पट्टी असली की दुसऱ्याकडे बघायची फारशी गरज पडत नाही. मग आम्ही दोघांनी रिमोट घेतले आणि एका गोळीचा नियम लावला. पहिल्याच टप्प्यात त्याच्या तोंडून निघालं, "नक्को, नक्को, पुढे नक्को जाऊ!" आणि माझ्या तोंडून, "थांब ने, पंखा घेऊ दे." पाऊण तास आम्ही मराठीशिवाय एक शब्द बोललो नाही आणि ते आम्हाला कळलंही नाही. मुलांनीच सांगितलं. त्याची धाकटी म्हणाली, "बाबा, यू टॉक लाइक आजी."

यावरून मुलं मराठी बोलायला लागली असं मी सांगणार नाही. लागली नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीही एका गोळीचा नियम लावला, आणि चार-पाच शब्द त्यांच्यात फिरत होते. थांब. आलो. खाली बस. पंखा.

आपण सगळे जण, मग इंदूरचे असू, ग्वाल्हेरचे की बेळगावचे, मुलांच्या मराठीची काळजी करतो. वर्ग घेतो, पुस्तकं आणतो, गणपतीत बक्षीस लावून भाषणं करून घेतो. ते करायलाच हवं. पण माझ्या पिढीचा अनुभव असा की मोठ्यांनी विचारल्यावर बोलायची मराठी परीक्षेपुरती राहिली. टिकली ती, जी भावंडांकडून काहीतरी मागायला लागत होती. त्यासाठी भावंडं एका खोलीत हवीत आणि एकमेकांची गरज पडेल असं काहीतरी समोर हवं. ते कॉन्ट्राच असायला पाहिजे असं नाही.

या नव्या खेळाची एक गोष्ट मला म्हणूनच आवडली. गोष्टीच्या प्रकारात दोघं आणि आर्केडच्या प्रकारात चौघं खेळू शकतात, आणि हा जोडीचा खेळ अजूनही एकाच पडद्यासमोर बसून खेळायचा आहे. या मे महिन्यात बेळगावच्या ताईला मुलांसकट बडोद्याला बोलावलंय. इंदूरच्या मामेभावालाही कळवलंय. जागा कमी पडेल, पण गादी घालू.

तुमच्याकडे एसवाल्या बंदुकीला काय म्हणायचे? आणि लाइफ कुठल्या शब्दांत मागायचात? गावाच्या नावासकट लिहा. हे शब्द दुसरं कुणी लिहून ठेवणार नाही.