डार्टमूरचा माळ पायीच का वाचावा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूरचे ९५४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्याच्या उंच माळावर झाडे तुरळक. ग्रॅनाइटचे उघडे सुळके, हेदरची झुडपे आणि दलदलच फार. त्यामुळे या भूमीला माणसाचा हात लागलेला नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. हा समज चुकीचा आहे. तिथल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांत सापडलेले परागकण सांगतात की इथे एके काळी रान होते. माणसाने ते जाळले, तोडले आणि मोकळ्या जागेवर गुरे चारली. इ.स.पू. १५०० च्या सुमारास, ब्राँझयुगात, शेतकऱ्यांनी लांबच लांब दगडी बांध घातले. ग्रिम्सपाउंडला दगडी कोटाच्या आत २४ गोल घरांचे अवशेष आहेत. मध्ययुगात कथिल काढणाऱ्यांनी ओढ्यांचे काठ उकरून काढले.

हा इतिहास दुरून दिसत नाही. बांध गवतात आणि हेदरमध्ये बुडालेले असतात. नुसता लांबट उंचवटा जाणवतो, क्वचित एखादा दगड डोके वर काढतो. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी १९७० च्या दशकात हे बांध माळावर हिंडून जोडत नेले, तेव्हा त्यांमागची मोठी, एकत्रित आखणी स्पष्ट झाली. जीवसृष्टीही याच इतिहासाला बिलगून आहे. व्हीटइअर हा छोटा पक्षी दगडांच्या सांदीत घरटे करतो. चंडोलाला मेंढ्यांनी आणि घोड्यांनी चरून राखलेले मोकळे गवत मानवते.

माळ मानवनिर्मितच असेल, तर तो तसाच का राखावा, झाडे का वाढू देऊ नयेत, असे कोणी विचारील. दऱ्याखोऱ्यांत झाडे जरूर वाढावीत. पण खोल पीटवर लागवड केली तर पीट कोरडे पडते आणि त्यात साठलेला कार्बन सुटू लागतो; म्हणून सरसकट एकच उपाय चालणार नाही. दुसरा आक्षेप पायी फिरणाऱ्यांवर आहे: जमिनीवरची घरटी त्यांच्यामुळे उधळतात. धोका खरा आहे, म्हणूनच १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रे बांधून नेण्याचा नियम आहे. त्यावर माळ बंद करणे हा उपाय नव्हे. १९८५ च्या कायद्याने इथल्या सामाईक कुरणांवर पायी फिरण्याचा हक्क लोकांना दिला. माणसाने घडवलेली भूमी माणसांना चालून समजून घेता आली पाहिजे. जी कळते तीच जपली जाते.