पसाभर धान्य आणि हक्काची जमीन

शहादा-तळोद्याचा सुपीक पट्टा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता. तेथे पीक भरघोस येई. ते पिकविणारा भिल्ल सालदार मात्र अर्धपोटी राही, कारण त्याची जमीन कर्जापायी दुसऱ्यांच्या हाती गेलेली. अंबरसिंग सुरतवंती या तरुण भिल्ल सर्वोदय कार्यकर्त्याला हे शल्य बोचत होते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्य मागणाऱ्या आदिवासींवर गोळीबार झाला. एकाचा बळी गेला. पुढे ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेली जमीन परत मिळावी, श्रमाचे योग्य मोल मिळावे, ही तिची मागणी. भुकेल्यास घास देणे हे पुण्यच. परंतु तो भुकेला का राहिला, हे विचारण्याचे धैर्य अंबरसिंगांनी दाखविले.